रुग्णालयाचे दप्तर आणि रुग्णालयाचे प्रशासन : एका अभ्यासविषयाच्या विभाजनाचा इतिहास

प्रस्तावना

रुग्णालयात येणाऱ्या रुग्णाची पहिली गाठ बहुधा डॉक्टरांशी पडत नाही. ती नोंदणीच्या खिडकीशी पडते. केसपेपर निघतो, त्यावर नाव, वय व पत्ता लिहिला जातो आणि मग उपचाराचा मार्ग सुरू होतो. घरी परतताना शेवटचा व्यवहारही कागदाचाच असतो. बिल, डिस्चार्ज कार्ड आणि दुर्दैवाने रुग्ण दगावला असल्यास मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र, अशी ही कागदपत्रे असतात. या दोन टोकांमधील नोंदी कोणी ठेवायच्या, त्या ठेवणाऱ्याने काय शिकलेले असावे आणि ते शिक्षण महाविद्यालयाने द्यावे की कामावरच मिळू द्यावे, हे प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतात. परंतु आरोग्यसेवेच्या इतिहासात हेच प्रश्न पुनःपुन्हा उपस्थित झालेले दिसून येतात.

महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांतून आज रुग्णालय व्यवस्थापन, वैद्यकीय कार्यालय प्रशासन, वैद्यकीय अभिलेख अशा निरनिराळ्या नावांचे अभ्यासक्रम चालविले जातात. त्यांपैकी काही पदव्युत्तर आहेत, तर काही सहा महिन्यांची वा वर्षाची प्रमाणपत्रे आहेत. एका बाजूस भावी प्रशासक व दुसऱ्या बाजूस भावी कारकून, अशी त्यांची विभागणी सर्वसाधारणपणे गृहीत धरली जाते. ही विभागणी स्वाभाविक आहे काय, असा प्रश्न प्रस्तुत निबंधात उपस्थित केला आहे. नोंद ठेवणे आणि निर्णय घेणे या एकाच विद्येच्या दोन बाजू म्हणून हा विषय जन्मास आला. १९३० च्या दशकात अमेरिकेत त्याच्या दोन वाटा झाल्या. आणि भारतात तो आला तेव्हा मुख्यतः वरची वाट आली, खालची वाट उपेक्षित राहिली, असे येथील प्रतिपादन आहे. त्या उपेक्षेची किंमत प्रामुख्याने गरीब रुग्णास मोजावी लागते.

नोंदींतून निर्माण झालेला प्रश्न

रुग्णालयाचा कारभार हा शास्त्रशुद्ध अभ्यासाचा विषय होऊ शकतो, ही जाणीव प्रथम हिशेबनीसांना वा उद्योजकांना झाली नाही. ज्यांनी नोंदींची दुरवस्था जवळून पाहिली, त्यांना ती झाली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल नोव्हेंबर १८५४ मध्ये क्रिमियन युद्धकाळात स्कुतारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. तेथे औषधे, कपडे व अन्न यांचा तुटवडा तर होताच; पण किती सैनिक दगावले याचाही मेळ निरनिराळ्या नोंदवह्यांत बसत नव्हता. दिवा घेऊन फिरणारी सेविका ही त्यांची प्रतिमा लोकमानसात रुजली असली, तरी रुग्णालयीन प्रशासनाच्या इतिहासात त्यांचे स्थान संख्याशास्त्रज्ञ म्हणून अधिक महत्त्वाचे आहे.

१८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘नोट्स ऑन हॉस्पिटल्स’ या ग्रंथात त्यांनी इमारतीची रचना, खेळती हवा व वॉर्डांची मांडणी यांचा विचार केला. १८६० मध्ये लंडन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे त्यांची एकसारख्या रुग्णालयीन तक्त्यांची योजना मांडली गेली. रुग्ण किती दाखल झाले, किती बरे झाले, किती दगावले, प्रत्येक जण सरासरी किती दिवस राहिला, ही माहिती सर्व रुग्णालयांनी एकाच पद्धतीने ठेवली, तरच एका रुग्णालयाची दुसऱ्याशी तुलना शक्य होईल, अशी त्यांची भूमिका होती. लंडनमधील काही रुग्णालयांनी हे तक्ते वापरून पाहिले. परंतु तो प्रयत्न टिकला नाही. तक्ता तयार होता. तो सर्वत्र सारख्याच काटेकोरपणे भरणारा प्रशिक्षित वर्ग मात्र अद्याप अस्तित्वात यावयाचा होता.

अर्धशतकानंतर हाच प्रश्न अमेरिकेतील बॉस्टन शहरात पुन्हा उभा राहिला. तेथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी ‘अंतिम परिणाम’ ही कल्पना मांडली. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड ठेवावे, वर्षभरानंतर त्याची प्रकृती तपासून तीही नोंदवावी आणि उपचार अयशस्वी ठरला असल्यास त्याचे कारण लिहावे, असा तिचा आशय होता. १९११ मध्ये त्यांनी स्वतःचे छोटे रुग्णालय काढले. १९११ ते १९१६ या काळात तेथून घरी गेलेल्या ३३७ रुग्णांच्या बाबतीत १२३ चुका घडल्या, हे त्यांनी स्वतः छापून प्रसिद्ध केले. सहव्यवसायिकांना ही पारदर्शकता मानवली नाही आणि कॉडमन यांना वैद्यकीय वर्तुळात एकाकी व्हावे लागले. नोंद ही केवळ स्मरणासाठी नसते, ती जाब विचारण्यासाठीही असते, हा त्यांच्या कार्याचा मथितार्थ होय. नोंद ठेवणे हे निरुपद्रवी कारकुनी काम असते, तर त्याला एवढा विरोध झालाच नसता.

१९१३ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेने पुढे रुग्णालयांसाठी किमान मानके ठरविली. प्रत्येक रुग्णाची अचूक व संपूर्ण नोंद ठेवणे हे त्या मानकांपैकी एक होते. शंभर वा अधिक खाटांच्या ६९२ रुग्णालयांची पाहणी झाली, तेव्हा केवळ ८९ रुग्णालये या कसोटीस उतरली. अनेक नामांकित रुग्णालये नापास झाली होती. ती यादी वृत्तपत्रांच्या हाती लागू नये म्हणून १९१९ मध्ये जाळून टाकण्यात आली, ही घटना वैद्यकीय इतिहासात सुप्रसिद्ध आहे. यादी जळाली तरी मानके राहिली, आणि त्यांची पूर्तता करण्यासाठी प्रशिक्षित माणसांची गरज प्रत्येक रुग्णालयास भासू लागली.

पहिल्या विद्यार्थिनी

ही गरज भागविण्याचे पहिले पद्धतशीर प्रयत्न स्त्रियांनी केले, ही बाब या विषयाच्या इतिहासात पुरेशी अधोरेखित झालेली नाही. इझाबेल हॅम्प्टन रॉब आणि त्यांच्या सहकारी परिचारिका-अधीक्षकांच्या पुढाकाराने १८९९ मध्ये न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये ‘रुग्णालयीन अर्थशास्त्र’ हा अभ्यासक्रम सुरू झाला. त्या वर्षी अवघ्या दोन विद्यार्थिनी होत्या. रुग्णालये व परिचर्या-शाळा चालविण्याची जबाबदारी ज्यांच्यावर पडते, त्या अधीक्षिकांना अध्यापन आणि संस्थेचा कारभार या दोहोंचे शिक्षण मिळावे, हा त्यामागील हेतू होता. १९०७ मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील ॲडलेड नटिंग तेथे प्राध्यापक म्हणून रुजू झाल्या. विद्यापीठात प्राध्यापकपद मिळविणाऱ्या त्या पहिल्या परिचारिका मानल्या जातात. वॉर्ड, भांडार, स्वयंपाकघर, धुलाई, कर्मचाऱ्यांच्या पाळ्या आणि रुग्णांच्या नोंदी हे सर्व त्या काळी एकाच अधीक्षिकेच्या नजरेखाली चालत असे. त्यामुळे प्रशासन आणि दप्तर हे दोन निराळे विषय आहेत, अशी कल्पनाही त्या पिढीला सुचण्याचे कारण नव्हते.

दुसरी परंपरा धर्मभगिनींची होय. अमेरिकेतील कॅथलिक रुग्णालये मुख्यत्वे जोगिणींच्या संघांमार्फत चालविली जात. मिलवॉकी येथील मार्केट विद्यापीठाने १९२० च्या दशकात रुग्णालय प्रशासनाचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. १९२७ मध्ये तेथून पदवी घेतलेल्या दोन्ही विद्यार्थिनी धर्मसंघातील भगिनी होत्या. हा अभ्यासक्रम लवकरच बंद पडला. तथापि रुग्णालय प्रशासनाची पदवी देणारा तो आरंभीचा प्रयत्न म्हणून त्याची नोंद घ्यावी लागते.

तिसरी परंपरा अभिलेखपालांची. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ग्रेस व्हाइटिंग मायर्स या १८९७ पासून रुग्णांच्या नोंदींचे ग्रंथालय सांभाळीत होत्या. त्यांच्या नेतृत्वाखाली १९२८ मध्ये उत्तर अमेरिकेतील अभिलेख-ग्रंथपालांची संघटना स्थापन झाली आणि त्या तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. ‘ग्रंथपाल’ हा शब्द येथे अर्थपूर्ण आहे. जुनी प्रकरणे शोधून देणे, त्यांचे वर्गीकरण करणे व संशोधनासाठी ती उपलब्ध करून देणे, हे ज्ञानव्यवहाराचे काम आहे, असा त्यामागील दावा होता. १९३५ मध्ये या व्यवसायाच्या मान्यताप्राप्त शाळा सुरू झाल्या. मिनेसोटा राज्यातील डुलुथ येथील बेनेडिक्टाइन भगिनींच्या कॉलेज ऑफ सेंट स्कोलॅस्टिका या महाविद्यालयाने या विषयाची पदवी देण्यात अग्रस्थान मिळविले.

दोन वाटा

याच सुमारास चित्र बदलू लागले होते. मायकेल डेव्हिस हे स्वतः डॉक्टर नव्हते, समाजशास्त्राचे अभ्यासक होते. बॉस्टन डिस्पेन्सरीचा कारभार त्यांनी दहा वर्षे सांभाळला होता. रुग्णालय प्रशासन हा स्वतंत्र व्यवसाय असून त्यासाठी दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण हवे, अशी मांडणी त्यांनी १९२९ मध्ये केली. वैद्यकीय खर्चाचा अभ्यास करणाऱ्या समितीने १९३२ मध्ये सादर केलेल्या अहवालातही प्रशिक्षित प्रशासकांच्या आवश्यकतेवर भर होता. १९३३ मध्ये रुग्णालय प्रशासकांची स्वतंत्र व्यावसायिक संस्था स्थापन झाली आणि १९३४ मध्ये शिकागो विद्यापीठात, तेथील व्यापारविषयक विद्याशाखेच्या आश्रयाने, डेव्हिस यांच्या मार्गदर्शनाखाली पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. पुढे टिकून राहिलेला आणि अनुकरणीय ठरलेला हाच पहिला अभ्यासक्रम होय.

१९३४ आणि १९३५ ही दोन वर्षे शेजारी ठेवून पाहिली असता विभाजनाचे स्वरूप स्पष्ट होते. एका वर्षात प्रशासनाचे शिक्षण विद्यापीठाच्या व्यापार विद्याशाखेत गेले. दुसऱ्या वर्षात नोंदींचे शिक्षण प्रामुख्याने रुग्णालयांशी जोडलेल्या शाळांत स्थिरावले. पहिल्या वाटेवर अर्थकारण, कायदा, संघटन व धोरण हे विषय आले, तर दुसऱ्या वाटेवर परिभाषा, वर्गीकरण, टंकलेखन व जतन हे विषय राहिले. पहिली वाट उत्तरोत्तर पुरुषांची आणि दुसरी वाट स्त्रियांची होत गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर केलॉग प्रतिष्ठानाच्या साहाय्याने अनेक विद्यापीठांत पदव्युत्तर अभ्यासक्रम निघाले. १९४६ च्या हिल-बर्टन कायद्यामुळे अमेरिकेत रुग्णालयांच्या बांधकामास प्रचंड चालना मिळाली व त्यांना प्रशासक हवे होते. १९४८ मध्ये या विद्यापीठीय अभ्यासक्रमांची संघटनाही अस्तित्वात आली. दुसरीकडे अभिलेखपालांच्या खाली अभिलेख-तंत्रज्ञ ही आणखी एक पायरी निर्माण झाली. पुढे दोन वर्षांच्या सामुदायिक महाविद्यालयांतून वैद्यकीय कार्यालय प्रशासनाचे अभ्यासक्रम पसरले. ते बहुतांशी नोकरीच्या पहिल्या पायरीपुरते होते.

हे विभाजन निष्कारण झाले, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. शेकडो खाटांचे रुग्णालय चालविण्यासाठी अर्थशास्त्र व कायदा यांचे सखोल ज्ञान लागते, आणि लाखो कागदांचे जतन हेही पूर्णवेळ काम आहे. श्रमविभागणी अपरिहार्य होती. प्रश्न श्रमविभागणीचा नाही, तर एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर जाण्याचे पूल बांधले गेले नाहीत, याचा आहे.

या दोन वाटा पुन्हा एकत्र आणणारी घटना १९८३ मध्ये घडली. येल विद्यापीठातील रॉबर्ट फेटर आणि जॉन थॉम्सन यांनी रुग्णांचे निदानानुसार गट पाडण्याची एक पद्धत विकसित केली होती. अमेरिकन शासनाने वृद्धांच्या मेडिकेअर योजनेत तिचा स्वीकार केला. रुग्ण किती दिवस राहिला व किती खर्च झाला यांवर नव्हे, तर तो चारशेहून अधिक गटांपैकी कोणत्या गटात मोडतो, यावर रुग्णालयास मिळणारी रक्कम ठरू लागली. गट ठरत असे तो अभिलेख विभागात नोंदविलेल्या सांकेतिक क्रमांकावरून. तळघरातील कर्मचाऱ्याच्या टिपणावर संपूर्ण संस्थेचे उत्पन्न अवलंबून राहिले. थॉम्सन हे मूळचे प्रशिक्षित परिचारक होते आणि नंतर रुग्णालय प्रशासनाचे प्राध्यापक झाले, ही गोष्ट येथे लक्षणीय आहे. दोन्ही वाटा चाललेल्या माणसालाच त्यांचा सांधा दिसला. अभिलेखपालांच्या संघटनेच्या बदलत्या नावांतही हे परिवर्तन उमटले. १९३८ व १९७० मध्ये झालेल्या बदलांनंतर १९९१ मध्ये तिच्या नावात ‘आरोग्य माहिती व्यवस्थापन’ हे शब्द आले. जे काम एकेकाळी व्यवस्थापनापासून वेगळे काढले गेले, त्याला पुन्हा व्यवस्थापन म्हणावे लागले.

भारतातील आगमन

भारतात हा विषय स्वातंत्र्योत्तर काळात आला. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालाने आरोग्यसेवेच्या विस्ताराचा आराखडा दिला आणि त्या विस्तारासाठी प्रशिक्षित मनुष्यबळाचा प्रश्न ऐरणीवर आला. १९६४ मध्ये दिल्ली येथे राष्ट्रीय आरोग्य प्रशासन व शिक्षण संस्था स्थापन झाली. १९७७ मध्ये कुटुंबनियोजनविषयक संस्थेशी तिचे विलीनीकरण होऊन आजची राष्ट्रीय आरोग्य व कुटुंबकल्याण संस्था निर्माण झाली. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९६६ मध्ये रुग्णालय प्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. तेथे प्रवेशासाठी वैद्यकीय पदवी आवश्यक होती. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातही हा विषय वैद्यकीय पदवीधरांसाठीच्या पदव्युत्तर शिक्षणाचा भाग झाला.

येथे अमेरिकन व भारतीय परंपरांतील एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. शिकागोच्या परंपरेने प्रशासनाचे शिक्षण डॉक्टरेतरांना खुले केले होते. भारतातील आरंभीच्या परंपरेने ते डॉक्टरांच्या हाती दिले. शासकीय रुग्णालयांचे प्रमुखपद डॉक्टरांकडेच असल्याने हे सयुक्तिकही होते. परंतु त्यामुळे वॉर्डाचा कारभार वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या मेट्रनला वा अभिलेखपालास त्या शिक्षणाचे दार उघडले नाही. जयपूर येथे १९८४ मध्ये स्थापन झालेली आरोग्य व्यवस्थापन संशोधन संस्था आणि मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था यांसारख्या संस्थांमुळे हा विषय पुढे इतर शाखांच्या पदवीधरांसाठी खुला झाला. तोपर्यंत प्रशासन ही डॉक्टरांची व नोंदी ही कारकुनांची, अशी वाटणी रुग्णालयांच्या अंगवळणी पडलेली होती.

खालच्या वाटेवर काहीच घडले नाही, असे नाही. केंद्रीय आरोग्य गुप्तवार्ता कार्यालयाने दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात व पुदुच्चेरीच्या जिपमेर संस्थेत अभिलेख अधिकाऱ्यांसाठी एक वर्षाचे व तंत्रज्ञांसाठी सहा महिन्यांचे प्रशिक्षण चालविले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही या विषयाच्या शिक्षणाची परंपरा जोपासली. परंतु देशाच्या विस्ताराच्या मानाने ही सोय अल्प होती. बहुसंख्य रुग्णालयांत दप्तर सांभाळणारा कर्मचारी हा शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याकडून काम शिकूनच तयार होत राहिला.

महाराष्ट्रातील खिडकी

महाराष्ट्राला रुग्णालयांची दीर्घ परंपरा आहे. मुंबईचे सर जमशेटजी जीजीभॉय रुग्णालय १८४५ मध्ये आणि के.ई.एम. रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले. या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांबरोबरच धर्मादाय न्यासांची रुग्णालये व असंख्य लहान शुश्रूषागृहे राज्यभर पसरली. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा मुंबई कायदा १९४९ चा आहे. तथापि लहान शुश्रूषागृहाचे दप्तर म्हणजे स्वागतकक्षातील एक टेबल व एक वही, ही स्थिती दीर्घकाळ राहिली.

१९९० नंतर मात्र या टेबलावरील जबाबदारी झपाट्याने वाढत गेली. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. तेव्हापासून केसपेपर हा न्यायालयातील पुरावा म्हणून सर्वांना जाणवू लागला. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीने आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जतन करणे आणि रुग्णाने मागणी केल्यास त्या ७२ तासांत देणे हे डॉक्टरांचे कर्तव्य ठरविले. २००५ मध्ये रुग्णालयांच्या मूल्यांकनासाठी राष्ट्रीय मंडळ स्थापन झाले आणि नोंदींची गुणवत्ता हा मानांकनाचा निकष बनला.

गरीब रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा टप्पा २००६ चा होय. मुंबई सार्वजनिक न्यास अधिनियमाच्या ४१ कक या कलमास अनुसरून मुंबई उच्च न्यायालयाने त्या वर्षी एक योजना मंजूर केली. तीनुसार धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्यात आणि एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी, असे ठरले. हा हक्क प्रत्यक्षात उतरतो कोठे? तहसीलदाराचा दाखला, शिधापत्रिका वा दारिद्र्यरेषेखालील असल्याचा पुरावा जेथे पाहिला जातो, त्या खिडकीवर. कोणता कागद पुरेसा आहे, तातडीच्या प्रसंगी कागद नसतानाही रुग्णास कसे दाखल करावे, राखीव खाटांपैकी आज किती रिकाम्या आहेत, हे त्या खिडकीपाशी बसलेल्या व्यक्तीस ठाऊक नसेल, तर न्यायालयाचा आदेश व रुग्ण यांच्यामध्ये ती खिडकी बंदच राहते.

२ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झालेली व पुढे राज्यभर लागू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. या योजनेने ‘आरोग्यमित्र’ हे पद प्रत्येक संलग्न रुग्णालयात निर्माण केले. रुग्णाची नोंदणी, कागदपत्रांची छाननी, पूर्वसंमतीसाठीचा पाठपुरावा आणि रुग्णाशी त्याच्या भाषेत संवाद हे आरोग्यमित्राचे काम आहे. खिडकीवरील ज्ञान हे स्वतंत्र, आवश्यक व सन्माननीय ज्ञान आहे, याची ही शासनस्तरावरील कबुलीच म्हणावी लागेल.

नोंदीचे मोल केवळ एका रुग्णापुरते नसते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ अन्वये मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणीकरण अपेक्षित आहे. परंतु २०२० मध्ये देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी केवळ सुमारे २२.५ टक्के मृत्यूंचे असे प्रमाणीकरण झालेले होते. लोक कोणत्या आजाराने दगावतात, हे ज्या देशास नेमके सांगता येत नाही, त्याचे आरोग्यविषयक नियोजन अंदाजावर चालते. १८६० मध्ये नाइटिंगेल यांनी मांडलेला प्रश्न या अर्थाने अद्याप आपल्यासमोर उभा आहे.

अभ्यासक्रमापुढील प्रश्न

२०२१ च्या संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियमाच्या अनुसूचीत आरोग्य माहिती व्यवस्थापन या व्यवसायाचा समावेश झाला. त्याच वर्षी आयुष्मान भारत डिजिटल अभियान देशभर सुरू झाले आणि २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. कागदी दप्तराची जागा संगणकीय दप्तर घेत आहे. परंतु चुकीची नोंद संगणकावर गेल्याने बरोबर होत नाही. उलट ती अधिक वेगाने पसरते. अशा वेळी महाविद्यालयीन अध्यापकांपुढे तीन प्रश्न उभे राहतात.

पहिला प्रश्न शिडीचा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका व तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडण्याची आणि पुन्हा प्रवेश घेण्याची मुभा आहे. वरवर पाहता हा दोन वाटांना जोडणारा पूल आहे. परंतु पहिल्या वर्षी केवळ टंकलेखन व बिले शिकवून व्यवस्थापनाचे सर्व विषय अखेरच्या वर्षी ठेवले, तर आर्थिक अडचणीमुळे वर्षभरात बाहेर पडणारा विद्यार्थी पुन्हा कारकूनच राहील आणि १९३५ चे विभाजन नव्या नावाने कायम होईल.

दुसरा प्रश्न आशयाचा. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याने काही आठवडे अभिलेख कक्षात व नोंदणी खिडकीवर प्रत्यक्ष काम केलेले असावे, आणि अभिलेखाच्या विद्यार्थ्यास आपण ठेवलेल्या नोंदीवरून कोणते निर्णय होतात, हे समजलेले असावे. रुग्णहक्क, धर्मादाय योजना, मृत्यूच्या कारणांचे वर्गीकरण व माहितीची गोपनीयता हे विषय दोहोंसाठी समान असण्यास कोणतीही अडचण नाही.

तिसरा प्रश्न भाषेचा. केसपेपर इंग्रजीत लिहिला जातो आणि रुग्ण मराठीत बोलतो. या दोहोंमधील अंतर ओलांडण्याचे काम प्रत्यक्षात खिडकीवरील कर्मचारी करतो. परंतु त्याचे शिक्षण कोणत्याही अभ्यासक्रमात गांभीर्याने दिले जात असल्याचे अभावानेच आढळते. संमतिपत्रातील मजकूर रुग्णास समजेल अशा मराठीत सांगता येणे, हे वैद्यकीय परिभाषा पाठ असण्याइतकेच महत्त्वाचे कौशल्य मानले जावयास हवे. भाषा विभाग व वाणिज्य विभाग असलेल्या बहुशाखीय महाविद्यालयात हे सहज साध्य आहे.

समारोप

रुग्णालय प्रशासनाचा इतिहास सामान्यतः विद्यापीठांतील पदव्युत्तर विभागांच्या स्थापनेपासून सांगितला जातो. तो त्यापूर्वीच्या नोंदवह्यांपासून सांगितल्यास निराळे चित्र दिसते. टीचर्स कॉलेजमधील दोन विद्यार्थिनी, मिलवॉकीच्या दोन धर्मभगिनी आणि बॉस्टनच्या अभिलेख-ग्रंथपाल यांनी या विद्येचा पाया घातला; त्यांच्या दृष्टीने दप्तर व प्रशासन हे एकाच कर्तव्याचे भाग होते. पुढे प्रतिष्ठा एका बाजूस व परिश्रम दुसऱ्या बाजूस गेले. कॉडमन यांच्या कार्डापासून फेटर-थॉम्सन यांच्या गटांपर्यंत इतिहासाने वारंवार दाखवून दिले की, हे अंतर पडले की संस्था स्वतःलाच ओळखेनाशी होते.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांना हा विषय नव्याने घडविण्याची संधी आहे, कारण येथे तो अद्याप पूर्णपणे घट्ट झालेला नाही. अभ्यासक्रमाची आखणी करताना मंडळांनी वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याबरोबरच, त्याच्या खिडकीपुढे उद्या दाखला हातात धरून उभ्या राहणाऱ्या रुग्णाचाही विचार करणे आवश्यक आहे. त्या रुग्णास दहा टक्क्यांतील खाट मिळते की नाही, हीच या शिक्षणाची अंतिम परीक्षा होय.